हातावर पोट

मराठीत हाताला जितकं काम आहे तितकं दुसऱ्या कुठल्या अवयवाला क्वचितच असेल. आपण हात देतो, हात आखडता घेतो, हात वर करतो आणि शेवटी हात टेकतो. कुणाचा कशात हातखंडा असतो, कुणाच्या हाताला चव असते, डॉक्टरच्या हाताला गुण असतो आणि बेरीज करताना हातचा एक असतो. पण मला यातला सगळ्यात खरा वाटणारा वाक्प्रचार म्हणजे 'हातावर पोट असणं'. रोज हात चालला तरच रोज चूल पेटणार, एवढा मोठा हिशोब त्या दोन शब्दांत मावतो.

मग ज्याचं पोट हातावर आहे त्याचा हातच निकामी झाला तर?

या प्रश्नाला गेल्या सव्वाशे वर्षांत अमेरिकेत जे उत्तर मिळत गेलं, त्याची ही गोष्ट. ती शिकागोत सुरू होते, सॅन फ्रान्सिस्कोहून वेल्लोरला जाते, लुईझियानात परत येते आणि वाटेत आपल्या पुण्यामुंबईलाही थांबते. मी डॉक्टर नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, कन्सल्टिंग करतो. दोन हिवाळ्यांपूर्वी इथे सिनसिनाटीत पार्किंग लॉटमधल्या बर्फावर घसरलो आणि उजवं मनगट मोडलं. त्यानंतरच्या सक्तीच्या रिकामपणात डाव्या हाताने माऊस चालवत जे वाचत गेलो, ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी थोडं मशीनविषयी

आपल्या एका हातात २७ हाडं असतात, त्यातली ८ एकट्या मनगटात. गंमत म्हणजे बोटं हलवणारे स्नायू बोटांत नसतातच. काही तळहातात असतात, आणि जोर लावणारे मोठे स्नायू पार कोपराखाली. तिथून लांब दोऱ्या निघतात, मनगट ओलांडतात आणि बोटांच्या हाडांना जाऊन चिकटतात. कठपुतळीच म्हणा ना! या दोऱ्या म्हणजे टेंडन्स, वैद्यकाच्या पुस्तकातल्या कंडरा. आपण घरी सरसकट 'शीर' किंवा 'नस' म्हणून मोकळे होतो, पण रक्तवाहिनी वेगळी, मज्जातंतू वेगळा आणि टेंडन वेगळा.

मनगटाच्या पुढच्या बाजूला हाडांचा आणि एका जाड पट्ट्याचा मिळून जो बोगदा होतो, त्यातून अशा ९ दोऱ्या आणि एक मज्जातंतू जातात. आमच्या धंद्यात ज्याच्या नावाने सगळे घाबरतात तो कार्पल टनल तो हाच. पुढे अंगठा सोडून प्रत्येक बोटात मिटण्यासाठी दोन दोऱ्या असतात. एक दोरी मध्ये दुभंगते आणि दुसरी त्या फटीतून पुढे निघून टोकापर्यंत जाते. हे सगळं एका अरुंद नळीत, एका बोटाच्या रुंदीत. इतकं दाटीवाटीचं डिझाईन मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. आणि म्हणूनच ते बिघडलं की दुरुस्त करणं इतकं कठीण.

शिकागो: पू आणि पुस्तक

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं शिकागो हे कत्तलखान्यांचं आणि कारखान्यांचं शहर. चाकू, हाडांचे तुकडे, पत्र्याच्या कडा. हाताला लहानसं काही लागायचं, दोन दिवसांत हात सुजायचा आणि पू वर चढत जायचा. पेनिसिलिन यायला अजून तीसेक वर्षं होती. बोट गेलं तर नशीब, कारण अनेकदा माणूसच जायचा.

तिथल्या डॉ. अ‍ॅलन कॅनव्हेल यांनी एक सरळ प्रश्न विचारला: हा पू नेमक्या कुठल्या वाटेने पसरतो? त्यांनी मृतदेहांच्या हातात द्रव्य भरून आतल्या पोकळ्यांचे नकाशे तयार केले. चीर कुठे द्यायची, कुठे मुळीच द्यायची नाही, हे त्या नकाशांवरून ठरू लागलं. १९१२ मध्ये त्यांचं हाताच्या जंतुसंसर्गावरचं पुस्तक आलं. बोटातल्या नळीत पू झाल्याची जी चार लक्षणं आजही डॉक्टर शिकतात, ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात. ज्याला आपण 'किरकोळ जखम' म्हणतो तिचा एवढ्या गांभीर्याने अभ्यास व्हावा, ही मला या कथेची खरी सुरुवात वाटते.

एक हात, चार डॉक्टर

पण हात वाचवणं वेगळं आणि हात चालता करणं वेगळं. समजा यंत्रात सापडून एखाद्याचं हाड मोडलं, टेंडन तुटलं, मज्जातंतू कापला गेला आणि कातडी सोलली गेली. तर हाड ऑर्थोपेडिकवाल्याचं, कातडी प्लास्टिक सर्जनची, मज्जातंतू न्यूरोसर्जनचा आणि उरलेलं जनरल सर्जनचं. ज्यांनी कधी मोठं सॉफ्टवेअर प्रोजेक्ट केलंय त्यांना हे लगेच कळेल. डेटाबेसवाले म्हणतात आमच्या बाजूने सगळं ठीक, नेटवर्कवाले म्हणतात आमच्याही, प्रत्येकाचं तिकीट बंद झालेलं असतं आणि सिस्टिम मात्र चालत नसते. हाताचं तसंच व्हायचं. हाड जुळायचं, जखम भरायची, पण बोट वळायचं नाही.

हे बदलणारा माणूस म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. स्टर्लिंग बनेल. जन्म १८८२ चा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये काम केलेलं. हात हा एक अवयव आहे, त्याचे तुकडे करून वाटून घेता येणार नाहीत, हाताच्या सर्जनला हाड, टेंडन, मज्जातंतू, कातडी सगळं यायला हवं, हा त्यांचा आग्रह. दुसरा आग्रह नाजूकपणाचा. दंडाला पट्टा आवळून हातातलं रक्त आधी थांबवायचं आणि मगच काम करायचं, कारण रक्तात काम करणं म्हणजे शाईच्या दौतीत घड्याळ दुरुस्त करण्यासारखं, असं ते म्हणत. चिमटा जोरात लावला, गाठ ओबडधोबड बांधली, तरी आत व्रण धरतो आणि दोरी नळीला चिकटते. म्हणजे सर्जननेच केलेली दुसरी जखम.

१९४४ मध्ये त्यांचं हाताच्या शस्त्रक्रियेवरचं मोठं पुस्तक निघालं. वेळ अशी होती की दुसऱ्या महायुद्धातून हजारो तरुण मोडलेले हात घेऊन परतत होते. अमेरिकन लष्कराचे सर्जन जनरल नॉर्मन कर्क यांनी वयाची साठी ओलांडलेल्या, लष्कराबाहेरच्या या माणसाला सल्लागार म्हणून बोलावलं. देशभरच्या निवडक लष्करी इस्पितळांत हातांसाठी खास केंद्रं निघाली. बनेल एका केंद्रावरून दुसऱ्यावर फिरत, तरुण डॉक्टरांना शेजारी उभं करून शिकवत. युद्ध संपलं आणि जानेवारी १९४६ मध्ये यातल्याच मंडळींनी शिकागोत हाताच्या सर्जनांची अमेरिकन संघटना स्थापन केली. सभासद पस्तीस, पहिले अध्यक्ष बनेल. हाताला स्वतःचे डॉक्टर मिळाले ते असे.

जिथे जायचं नाही ती जागा

तळहाताच्या वरच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा जो भाग आहे, तिथे त्या दोन दोऱ्या एका घट्ट नळीत असतात. तिथे टेंडन तुटलं आणि लगेच शिवलं तर सगळं एकमेकांना चिकटून बोट काठीसारखं ताठ व्हायचं. बनेलनी या भागाला युद्धभूमीवरचं नाव दिलं: 'नो मॅन्स लँड'. त्यांचा नियम असा की तिथे टेंडन शिवायचंच नाही. कातडी बंद करा, जखम भरू द्या, आणि नंतर दुसरीकडून टेंडनचा तुकडा काढून नवी दोरी ओवा. पुढची बरीच वर्षं हा नियम वेदवाक्य होता.

तो मोडला दोघातिघांनी. १९६० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये क्लोद व्हर्दां यांनी, आणि इथे आमच्या घरापासून दोन तासांवर असलेल्या लुईव्हिलमध्ये डॉ. हॅरॉल्ड क्लायनर्ट यांनी. क्लायनर्टनी तिथल्या तिथे टेंडन शिवलं आणि पुढे एक साधी युक्ती केली: नखाला रबरबँड बांधून तो मनगटाशी अडकवला. पेशंटने बोट स्वतः उघडायचं, मिटवायचं काम रबरबँडने करायचं. नव्या शिवणीवर ताण नाही, पण दोरी नळीत सरकत राहते, म्हणून चिकटत नाही. १९६७ मध्ये त्यांनी आपले निकाल संघटनेच्या सभेत मांडले तेव्हा लोकांचा विश्वास बसेना. लुईव्हिलला जाऊन पेशंट प्रत्यक्ष तपासून यायला मंडळी पाठवली गेली, असं सांगतात. निकाल खरे निघाले. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूने एक वेदवाक्य खोडलं!

गॅरेजमधला ससा

आता रक्तवाहिन्या. बोटातली धमनी जेमतेम १ मिलिमीटर जाडीची. नुसत्या डोळ्यांना धड न दिसणारी गोष्ट शिवायची कशी? १९६० मध्ये व्हरमाँटमध्ये डॉ. ज्युलियस जेकबसन यांनी लहान रक्तवाहिन्या शिवायला मायक्रोस्कोप वापरला. १९६२ च्या मे महिन्यात बॉस्टनला मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एक बारा वर्षांचा मुलगा आला. मालगाडीच्या अपघातात त्याचा हात खांद्याजवळ तुटून वेगळा झाला होता. डॉ. रोनाल्ड माल्ट आणि सहकाऱ्यांनी तो जोडला. पूर्ण तुटलेला हात यशस्वीपणे जोडला जाण्याची ही पहिली वेळ. पण खांद्याजवळची धमनी निदान जाड असते. बोटाचं काय?

सिलिकॉन व्हॅलीतल्या गॅरेजच्या कथा आपण सगळ्यांनी ऐकल्यात. त्याच भागातल्या एका गॅरेजची ही कथा मात्र फारशी कुणी सांगत नाही. डॉ. हॅरी बंकी यांनी आपल्या घराच्या गॅरेजमध्ये प्रयोगशाळा थाटली होती. पत्नी कॉन्स्टन्स, त्याही डॉक्टर, मदतीला. एवढी बारीक सुई बाजारात मिळत नव्हती, तर ती बनवण्यापासून तयारी. १९६४ मध्ये त्यांनी सशाचा पूर्ण कापलेला कान परत जोडून जगवल्याचं जाहीर केलं. १ मिलिमीटरची रक्तवाहिनी शिवता येते हे सिद्ध झालं. पुढच्याच वर्षी जपानमध्ये नारा इथे कोमात्सु आणि तामाई यांनी एका माणसाचा तुटलेला अंगठा जोडला.

इथे दिवाळीच्या निमित्ताने एक कामाची गोष्ट. तुटलेलं बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवायचं नसतं. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती बंद करायची आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. मग लगेच ९११. नारळ फोडताना आणि फटाके उडवताना हे लक्षात असू द्या. लुईव्हिललाच जानेवारी १९९९ मध्ये डॉ. वॉरन ब्रायडनबाक यांच्या टीमने अमेरिकेतलं पहिलं हस्तप्रत्यारोपण केलं. दीर्घकाळ टिकलेलं ते जगातलं पहिलं. त्या पेशंटचा डावा हात गेला होता तो १९८५ मध्ये, फटाक्याने.

वेल्लोर ते कारव्हिल

आतापर्यंतची गोष्ट वाचून कुणालाही वाटेल की ज्ञान इथे निर्माण झालं आणि बाकीच्या जगाने ते घेतलं. पण १९४७ मध्ये मद्रासजवळ चिंगलपेटच्या कुष्ठरोग आश्रमात एक तरुण इंग्रज सर्जन फिरत होता. डॉ. पॉल ब्रँड. जन्म तमिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांतला, शिक्षण लंडनचं, नोकरी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. तिथल्या एका पेशंटच्या पंजासारख्या आक्रसलेल्या बोटांत त्यांनी आपला हात दिला आणि दाबायला सांगितलं. त्याची पकड इतकी जबर होती की ब्रँड कळवळले. आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला: हा हात मेलेला नाही! तळहातातले लहान स्नायू लुळे पडलेत, पण कोपराखालचे मोठे स्नायू ठणठणीत आहेत.

मग त्या चांगल्या स्नायूंच्या दोऱ्या लुळ्या स्नायूंच्या कामाला का जुंपू नयेत? अशी शस्त्रक्रिया बनेलनी जखमी हातांसाठी वर्णन केलेली होतीच. ब्रँडनी ती कुष्ठरुग्णांच्या हातावर सुरू केली आणि पुढे तिच्यात स्वतःची भर घातली. मनगट मागे वळवणारी एक दोरी घ्यायची, तिला जोड देऊन लांब करायची, तिचे चार फाटे करायचे आणि चार बोटांना जोडायचे. आक्रसलेली बोटं उघडू लागली.

त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली ती याहून मोठी. कुष्ठरोगात बोटं 'झडतात' असं सगळं जग मानत होतं. ब्रँड आणि सहकाऱ्यांनी पेशंट दिवसरात्र काय करतात ते बारकाईने पाहिलं. संवेदना नसल्याने तापलेलं भांडं उचललं जातं, गंजलेली किल्ली कातडी फाटेपर्यंत फिरवली जाते, रात्री उंदीर बोट कुरतडतो तरी जाग येत नाही. बोटं झडत नव्हती, ती रोजच्या जखमांनी संपत होती. म्हणजे ती वाचवता येणार होती.

आणि हात सुधारले तेव्हा काही पेशंट तक्रार घेऊन आले. आधी वाकड्या हातांकडे बघून लोक भीक घालायचे. आता हात सरळ झाले, भीक कमी झाली, आणि काम तर कुणी देईना! हातावर पोट म्हणतात ते हेच, पण कसं उलटं होऊन बसलेलं. मग वेल्लोरला एक छोटी वसाहत निघाली, तिथे सुतारकाम शिकवलं जाऊ लागलं, लाकडी खेळणी बनू लागली. शस्त्रक्रिया तिथे पूर्ण झाली असं मी म्हणेन.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत आले ते लुईझियानातल्या कारव्हिलला. मिसिसिपीच्या काठी असलेल्या या सरकारी कुष्ठरोग रुग्णालयात एके काळी माणसांना सक्तीने कोंडून ठेवलं जायचं. कुष्ठरोगावरचं पहिलं खरंखुरं प्रभावी औषध प्रॉमिन, तेही १९४० च्या दशकात इथेच पुढे आलं. ब्रँडनी इथे इंजिनिअर हाताशी घेतले आणि कुठल्या टेंडनचा जोर किती, तो किती सरकतो, याची मोजमापं मांडली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९८५ चं. आणि वेल्लोरचा धडा त्यांनी इथल्या मधुमेही पेशंटच्या बधिर पायांना लावला. जखम दुखत नाही म्हणून माणूस तिच्यावर चालत राहतो, तेव्हा पायावरचा दाब वाटून देणारं प्लास्टर घाला आणि पाय वाचवा. आपल्या मंडळात मधुमेह किती घरांत आहे हे मी सांगायला नको. आपल्या काकाचा पाय जर डॉक्टर दर भेटीत टोचून, तपासून बघत असतील, तर त्यामागे दक्षिण भारतातल्या कुष्ठरुग्णांचं देणं आहे. कारव्हिलचं रुग्णालय १९९९ मध्ये हललं, नंतर तिथे संग्रहालय झालं.

आपल्याकडे

आपल्याकडे हे काम उभं केलं डॉ. नोशीर अंटिया यांनी. इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे प्लास्टिक सर्जरी शिकून ते परतले आणि पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात चेहरे आणि हात दुरुस्त करू लागले. पुढे मुंबईत जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग घडवला आणि कुष्ठरुग्णांना वेगळ्या वसाहतीत न ठेवता सर्वसाधारण रुग्णालयात जागा मिळावी म्हणून झगडले. इतका मोठा सर्जन शेवटी पोचला कुठे, तर अलिबागजवळ मांडव्याला, खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका बनवायला. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २००७ मध्ये ते गेले. इकडे विदर्भात वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ पासून आनंदवनात तेच सूत्र धरलं होतं: ज्या हातांना जगाने टाकून दिलं त्यांना काम द्यायचं. आनंदवनासाठी आपल्यातल्या अनेकांनी चेक लिहिलेत. तो पैसा हाताच्या इतिहासातल्याच एका प्रकरणाला गेला आहे.

आणि अलीकडची गोष्ट. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपर स्टेशनवर फलाट आणि गाडी यांच्यातल्या फटीत पडून एका कॉलेजच्या मुलीने दोन्ही हात गमावले. २०२० च्या ऑगस्टमध्ये, ऐन कोविडमध्ये, मुंबईत तिच्यावर दोन्ही हातांचं प्रत्यारोपण झालं. गॅरेजमधल्या सशाच्या कानापासून परळच्या ऑपरेशन थिएटरपर्यंत, छप्पन वर्षं.

उरलेलं अर्धं काम

माझं मनगट मोडलं तसं मनगट मोडण्याचं पहिलं नेटकं वर्णन १८१४ मध्ये डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी केलं. वाकडं जुळलं तरी हात शेवटी कामाला येतो, असं त्यांचं मत होतं. आता तळव्याच्या बाजूने धातूची पट्टी बसवून स्क्रू त्या पट्टीतच पक्के करतात. ही पद्धत २००० च्या सुमारास मायामीचे सर्जन होर्हे ऑर्बे यांनी रुजवली. माझं ऑपरेशन फार वेळ चाललं नाही. खरं काम पुढे होतं, थेरपिस्टसमोरच्या टेबलावर. हँड थेरपिस्ट मंडळींची स्वतंत्र अमेरिकन संघटना १९७७ पासून आहे, आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो: तुम्ही हातांनी काय काम करता?

माझ्या शेजारी एक गृहस्थ असायचे, मांस कापण्याच्या कारखान्यात काम करणारे. दोन बोटांची टेंडन्स शिवलेली. स्प्लिंटमध्ये बोट वळवायचे, सोडायचे, दहा वेळा, परत दहा वेळा. मी लवकरच घरून कीबोर्ड बडवू लागलो, पगार कधी थांबलाच नव्हता. त्यांच्या विम्याने ठराविक भेटींनंतर हात वर केले. बोट पूर्ण मिटत नव्हतं तरी ते यायचे थांबले. कॅनव्हेल, बनेल, क्लायनर्ट, ब्रँड, सगळ्यांनी एवढा खटाटोप करून जे शक्य केलं, ते शेवटच्या सहा आठवड्यांपाशी येऊन अडलं.

वेल्लोरच्या त्या सुतारशाळेत हे सत्तरेक वर्षांपूर्वीच कळलेलं होतं. हात शिवून झाला की काम संपत नाही. त्या हाताने माणूस पुन्हा आपलं पोट भरू लागला की संपतं. इतकी वर्षं यातला पहिला भाग कठीण होता. आता तो बराचसा जमलाय. दुसरा मात्र डॉक्टरांच्या एकट्याच्या हातात नाही.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. फुलबाज्या उडवताना पोरांचे हात सांभाळा.